काटा मध्यावर

मंगळवार, ४

...त्या सकाळी चादरी भिजत घातल्या होत्या, दूध तापायला ठेवलं होतं आणि मी कांदा चिरत होते. एवढ्यात हे आत आले आणि न विचारता माझा पाण्याचा मोठा जग उचलून चालू लागले. "तिला पाणी पाजून येतो," म्हणाले. ती म्हणजे गाडी. मी म्हटलं, माणसांच्या भांड्यातून गाडीला पाणी नका देऊ. तर म्हणाले, तीही घरचीच आहे. या बोलाचालीत दूध उतू गेलं. मी शेगडी पुसली, चादरी पिळल्या, दोरीवर टाकल्या. जग परत जागेवर आला तेव्हा त्याच्या कानाला काळ्या बोटांचे ठसे होते, ते घासून काढले. ही नक्की कुठली सकाळ ते सांगता येणार नाही. तशा पुष्कळ होत्या.

हे पाणीखात्यात मीटर वाचायचे. कोणाच्या घरी किती पाणी जातं ते त्यांना तोंडपाठ, पण आपल्या गाडीचं पाणी रोज कुठे जातं, हा प्रश्न त्यांनी स्वतःला कधी विचारला नाही. रोज पाजायचं, की झालं.

हे सगळं आठवलं, कारण आज गाडी घाटात उकळली. ताईकडे निघाले होते. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, घाटाच्या वरच्या टोकाला एकटी राहते. हिवाळ्यात पडली, कमरेचं हाड मोडलं, तेव्हापासून घराबाहेर पडलेली नाही. कामाला बाई येते, पण ती मुकी बरी इतकं कमी बोलते, अशी ताईची तक्रार. वर बस जात नाही. टॅक्सीवाले घाटाचं नाव काढलं की कान खाजवतात. म्हणून मी म्हटलं, गाडी आहे, मला चालवता येते, मी जाते. दुसऱ्या वळणावर पुढून पांढरी वाफ निघाली आणि चहाच्या किटलीसारखा आवाज आला. मी गाडी कडेला घेऊन दगडावर बसले. सोबत पुस्तक होतं म्हणून बरं.

मुलाला फोन केला. तो कामावरून दुचाकीवर आला. गाडीकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "आई, आता पुरे. विकून टाकू." गिऱ्हाईकही त्याच्याकडे तयार आहे म्हणे. घासाघीस करून आमच्यात ठरलं ते असं: महिनाअखेरीला गाडी मधे कुठेही न थांबता, न उकळता ताईच्या फाटकापर्यंत गेली, तर राहील. नाही गेली, तर जाईल. तो सोबत बसून बघणार.

त्याला ही गाडी आवडत नाही. रंग उडालाय, दार दोनदा आपटावं लागतं. तरुण माणसाला लाज वाटत असेल. ह्यांना दवाखान्यात नेलं तेव्हा हीच गाडी पुलावर उकळली होती. तो चालवत होता, मी मागे ह्यांचं डोकं मांडीवर घेऊन. मग टॅक्सी केली. दुसऱ्या दिवशी हे गेले. तेवढ्या उशिराने काही फरक पडला नसता, असं डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं. मुलगा त्यानंतर त्या दिवसाबद्दल एक अक्षर बोललेला नाही. विसरला असेल. विसरलेलंच बरं.

ही वही सूनबाईने दिली. म्हणाली, एवढं वाचता, थोडं लिहा पण. शाळा चौथीत सुटली, त्यामुळे शुद्धलेखनाचं काही खरं नाही. पण वहीला कुठे कळतंय.


गुरुवार, ६

आज मेकॅनिककडे गेले. हा ह्यांच्या वेळेपासूनचा. सगळे त्याला फटाफट म्हणतात, कारण काहीही विचारा, "फटाफट करून देतो" हे उत्तर ठरलेलं, आणि काम मात्र आठवडाभर. मला वहिनी म्हणतो, ह्यांना भाऊ म्हणायचा.

त्याने रेडिएटरचं झाकण उघडलं. आतलं पाणी काळ्या चहासारखं होतं. त्याने मला समजावलं: इंजिन तापतं, पाणी त्याच्यातली उष्णता घेऊन पुढच्या जाळीत येतं, जाळीच्या बारीक नळ्यांतून खाली उतरताना वाऱ्याने गार होतं आणि परत इंजिनात जातं. नळ्या गाळाने बुजल्या की झालं. नळाचं जड पाणी वर्षानुवर्षं पाजलेलं. वहिनी, म्हणाला, हे मूत्रपिंड गेलं, नवीन घाला. मी म्हटलं, घाल. तर म्हणतो, या गाडीचं नवीन मिळतंय कुठे?

असं सगळं सांगून झाल्यावर फटाफट चहा प्यायला गेला.

मी घरी येऊन विचार करत बसले. जड पाणी, आत साका, भांडं बुजलेलं. हे मला नवीन नाही. माझी किटली दर दोन महिन्यांनी अशीच होते.


शनिवार, ८

आज मी फार खूश आहे.

किटलीत साका बसला की मी लिंबूसत्व घालून पाणी उकळते आणि थोड्या वेळाने ओतून देते. भांडं आतून आरशासारखं होतं. तेच गाडीला का करू नये? वाण्याकडून लिंबूसत्वाची मोठी पिशवी आणली. वाण्याने विचारलं, एवढं सरबत? मी म्हटलं, म्हातारीला पाजायचंय. तो घाबरला असावा.

गाडी गार असताना झाकण काढलं, गरम पाण्यात लिंबूसत्व विरघळवून आत ओतलं, इंजिन चालू करून खुर्ची टाकून शेजारी वाचत बसले. मग इंजिन बंद केलं, सगळं निवू दिलं आणि खालची तोटी उघडली. काय घाण निघाली म्हणून सांगू. तपकिरी, लाल, पापुद्रेच पापुद्रे. पुन्हा धुतलं, पुन्हा धुतलं, शेवटी पाणी असं स्वच्छ आलं की पिऊन टाकावं.

सूनबाई कौतुकाने बघत होती. ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते, स्वच्छतेची कदर आहे तिला. मुलगा मागच्या दाराने गेला. मी त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं की काही माणसं मूत्रपिंड गेलं म्हणतात, आणि काही माणसं किटली घासतात.


रविवार, ९

गाडीखाली तळं झालंय. आधी वाटलं, धुतल्याचं पाणी असेल. पुसलं. पुन्हा झालं. वाकून पाहिलं तर जाळीतून आठ-दहा ठिकाणी धारा लागल्या आहेत, झाडांना पाणी घालायच्या झारीसारख्या.

मुलगा तळ्याला वळसा घालून दुचाकीकडे गेला. काही बोलला असता तर बरं झालं असतं.


मंगळवार, ११

फटाफटने बातमी ऐकली आणि पोट धरून हसला. म्हणाला, वहिनी, तो मळ होता म्हणून तर ती धरून होती. नळ्या केव्हाच सडल्या होत्या, भोकांवर साक्याची खपली बसली होती, ती तुम्ही काढलीत. मी विचारलं, म्हणजे मी बिघडवली? तर म्हणाला, नाही, तुम्ही खरं काय ते उघड केलंत, आणि पुन्हा हसला.

त्याने मला डाखवाल्याकडे पाठवलं. हा माणूस दिवसभर पितळ ठोकतो आणि डाख देतो, म्हणून त्याला कमी ऐकू येतं, आणि तो सगळ्यांशी रस्त्यापलीकडे बोलल्यासारखं बोलतो. जाळी पाण्याच्या हौदात बुडवून त्याने आत हवा भरली. जिथे भोक तिथे बुडबुडे. प्रत्येक बुडबुड्यावर खडूची खूण. मी ओरडून विचारलं, होईल का? तो ओरडला, होईल! मी ओरडले, टिकेल का? तो म्हणाला, "बाई, तुम्ही किती वर्षं टिकणार ते सांगा, तेवढं टिकवतो!" रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली.

मला माणूस आवडला. हे असते तर त्याच्याशी जमलं असतं. आठवड्यातून एकदा तरी कुठेतरी असं होतं, की हे असते तर. आता त्याचं काही वाटत नाही असं नाही. सवयीचं झालंय, दोनदा आपटायच्या दारासारखं.


शनिवार, १५

रेडिएटर आला, बसला. एक थेंब गळत नाही. आत नळाचं पाणी न घालता हिरवं कूलंट घातलं. मी सकाळी एकटीच घाटाच्या पायथ्याशी गेले आणि चढायला लागले. पहिलं वळण झालं. काचेमागचा तापमानाचा काटा मध्यावर होता. मग तो सरकायला लागला. लहान मूल आपण बघत नाही असं पाहून डब्याकडे सरकतं, तसा. दुसऱ्या वळणाच्या अलीकडे तो लाल रेषेला टेकणार, तेवढ्यात मी गाडी थांबवली. वाफ आली नाही, पण येणार होती.

परतीच्या उतारावर मला रडू आलं. रडत गाडी चालवू नये, म्हणून थांबून रडले आणि मग आले.

घरी गिऱ्हाईक बसलेलं. मुलाने नुसतं बघून जा म्हणून बोलावलं होतं. गृहस्थांनी कलिंगड वाजवून बघतात तशी गाडी चारी बाजूंनी वाजवली, माझ्या हातच्या सीटच्या खोळींना हसले, आणि म्हणाले, सुट्या भागांसाठी ठीक आहे. सुट्या भागांसाठी! मी चहा केला, पण साखर त्यांच्या कपात घालायची राहिली. मुद्दाम नाही. मुद्दामच.

ताईचा फोन आला. म्हणाली, "येणार येणार म्हणतेस, ते मी मरायच्या आधी की नंतर, तेवढं कळव. म्हणजे तशी तयारी ठेवते."


सोमवार, १७

आज पुष्कळ लिहायचं आहे.

गाडी पुन्हा फटाफटकडे नेली. त्याने पंखा पाहिला, पट्टा ताणून पाहिला, झाकण बदललं. सगळं ठीक. मग, दुसरं काही सुचेना म्हणून, इंजिनातून जाळीकडे पाणी नेणारी वरची जाड नळी काढली आणि ती जिथे बसते ते पितळी बोंड खोललं. मी शेजारी उभी राहून आत डोकावत होते. आत काहीच नव्हतं. पण कडेने गोल खाच होती, नीट कोरलेली. कुकरच्या झाकणात रबराची कडी बसते, तशी खाच. मी चाळीस वर्षं स्वयंपाकघरात काढली आहेत. कोणी उगाच खाच कोरत नाही.

मी विचारलं, इथे काय बसतं? फटाफट म्हणाला, काही नाही. मी म्हटलं, काही नाही तर खाच कशाला? तेव्हा सांगितलं, की तिथे एक झडप असते, थर्मोस्टॅट. इंजिन गार असताना बंद राहते, गरम झालं की उघडते. आपण ती काढून टाकतो. सगळ्याच जुन्या गाड्यांची काढतो. झडप नाही म्हणजे पाण्याला आडकाठी नाही, म्हणजे गाडी तापत नाही.

मी म्हटलं, पण तापते आहे.

त्याने फडक्याला हात पुसले. मग म्हणाला, वहिनी, मी तीस वर्षं झडपा काढतोय. मी म्हटलं, आणि तीस वर्षं गाड्या तुझ्याकडेच येतायत. हे जरा जास्त झालं. तो रागावला आणि पाने-पकडी गोळा करायला लागला.

मी वाचनालयात गेले आणि मोटारींवरचं जाड पुस्तक घेऊन दुपारभर बसले. सगळं समजलं नाही, चित्रं समजली. काही इंजिनांत ही झडप एकाच वेळी दोन कामं करते. जाळीकडची वाट उघडते आणि दुसरी, आतल्या आत फिरणारी जवळची वाट बंद करते. झडपच नसली तर जवळची वाट कायम उघडी. मग निम्मं पाणी जाळीकडे जातच नाही, आतल्या आत गरमागरम फिरत राहतं. पाणीही माणसासारखंच, जवळची वाट असताना लांबून कशाला जाईल?

संध्याकाळी फटाफटकडे परत जाऊन चित्र दाखवलं. त्याने बराच वेळ पाहिलं. राग गेलेला होता. म्हणाला, ही झडप भाऊंनीच काढून घेतली होती, माझ्याकडून, हसत हसत. मग सहज बोलून गेला, की तरीही घाटात तापायचीच, पण भाऊंनी त्यावर तोड काढली होती. "भाऊ म्हणायचे, तीन ठिकाणी थांबतो रे मी. नदीच्या वळणाला, मोठ्या दगडापाशी आणि वर रुंद झाडाखाली. इंजिन निवतं, आणि तुझ्या वहिनीला काही कळतही नाही."

मला कळलंच नव्हतं.


मंगळवार, १८

नदीच्या वळणाला हे गाडी थांबवायचे आणि म्हणायचे, उतर, बघ आज पाणी कसं चमकतंय. दगडापाशी म्हणायचे, इथून आपलं घर दिसतं का शोध. ते कधी दिसलं नाही. झाडाखाली आम्ही डबा उघडायचो. मी ताईला वर्षानुवर्षं सांगत आले, की आमच्या ह्यांना निसर्गाची फार आवड. ताई म्हणायची, मीटर वाचणाऱ्याला? मी तिच्याशी भांडलेसुद्धा होते.

सकाळी फार राग आला. ह्यांच्या फोटोकडे पाठ करून केर काढला.

दुपारी थोडा कमी झाला. उकळलेल्या गाडीपाशी बायकोवर ओरडणारे नवरे रस्त्यावर पुष्कळ पाहिलेत. ह्यांनी मला नदी दाखवली. आणि मी फटाफटला विचारून आले, इंजिन निवायला किती वेळ लागतो. म्हणाला, दहा-पंधरा मिनिटं. आम्ही झाडाखाली तास तास बसायचो. म्हणजे पहिली पंधरा मिनिटं गाडीची होती. बाकीची माझीच.


शुक्रवार, २१

फटाफटने कुठून तरी झडप पैदा केली. मुठीत मावेल एवढी, मधे एक बारीक स्प्रिंग, भोवऱ्यासारखी दिसते. बसवायच्या आधी ती उघडते की नाही ते बघायचं असतं. पुस्तकात लिहिलंय, दोऱ्याला बांधून पाण्यात सोडायची आणि पाणी तापवायचं. मी म्हटलं, हे माझं खातं. घरी घेऊन आले.

लहान पातेलं, त्यात झडप लोंबकळती, शेगडी बारीक. सूनबाईने कामावरून तापमापक आणला होता. दोघी वाकून बघत राहिलो. पाण्यात बुडबुडे यायला लागले, झडप ढिम्म. मला वाटलं, हीही गेली. आणि मग एकदम नाही, अगदी हळू, तिने तोंड उघडलं. झोपलेल्या बाळाच्या ओठाला बोट लावलं की ते उघडतं ना, तसं. सूनबाईने टाळ्या वाजवल्या. आम्ही ती गार करून तीनदा पुन्हा उघडवून घेतली, उगाचच.

तेवढ्यात मुलगा आला. दारात उभा राहून विचारलं, काय शिजतंय? मी म्हटलं, तुझ्या गिऱ्हाईकाचा पराभव. तो हसला नाही. पातेल्याजवळ येऊन झडपेकडे बघत राहिला. विचारलं, हे नव्हतं तिच्यात? मी म्हटलं, नव्हतं. कधीपासून? मी म्हटलं, तू कॉलेजात होतास तेव्हापासून असेल. तो न जेवता वर गेला. डोकं दुखतंय म्हणाला.

मी सूनबाईला म्हटलं, एवढी का नावडती झाली ही गाडी याला? हरायची भीती वाटते का? ती पातेलं घासत म्हणाली, आई, त्यांना गाडी नकोशी झालेली नाही. मग काय झालंय, ते काही तिने सांगितलं नाही. पातेलं मात्र पुष्कळ वेळ घासलं.


मंगळवार, २५

झडप बसली. त्यानंतरही एक गंमत झाली. पहिल्या फेरीत काटा उड्या मारायला लागला, वर, खाली, वर. माझं काळीज तसंच. फटाफट म्हणाला, आत हवा अडकली आहे, बाळाला ढेकर काढायचा राहिलाय. गाडीचं तोंड चढावर करून, झाकण उघडं ठेवून, गाडीतला हीटर पूर्ण सोडून आम्ही इंजिन चालू ठेवलं. उकाड्यात मी आत बसून हीटरची हवा खात होते. घाम पुसायला पदर पुरेना. शेवटी रेडिएटरने दोन-तीन मोठे बुडबुडे सोडले आणि शांत झाला. फटाफटने "चला, जिरलं" म्हणून हात पुसले.

निघताना ऐकलं, तो दुसऱ्या गिऱ्हाईकाला बजावत होता, की झडप कधीही काढू नये, काही लोक काढतात, मी आधीपासून विरोधात आहे. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. लिंबूसत्वाची गोष्ट त्याच्याकडे आहे, म्हणून मीही जपून असते.


रविवार, ३०

सकाळी निघालो. मी चालवायला, मुलगा शेजारी. ह्यांच्यानंतर तो या गाडीत पहिल्यांदा बसला. दार एकदाच आपटलं, उघडं राहिलं, मग आठवल्यासारखं दुसऱ्यांदा आपटलं. सूनबाईने ताईसाठी डबा भरून दिला होता, तो त्याने मांडीवर घट्ट धरला. जणू डबाच उडी मारणार होता.

घाट सुरू झाला तसं त्याने रस्त्याकडे बघणं सोडलं. नुसता काटा बघत होता. मी म्हटलं, अरे, मला बघायचाय तो, तू समोर बघ. तो म्हणाला, तू समोर बघ, मी हा बघतो. पहिलं वळण, दुसरं वळण. काटा मध्यावर. चढ खडा झाला, गियर बदलला, इंजिन कुरकुरलं. काटा थोडा वर गेला. मुलाने श्वास धरला. मग झडपेने तोंड उघडलं असणार, कारण काटा परत मध्यावर आला आणि तिथेच बसला. नदीचं वळण गेलं. मोठा दगड गेला.

रुंद झाडापाशी मुलगा म्हणाला, इथे बाबा थांबायचे. मी म्हटलं, हो. तो म्हणाला, थांबायचं का? मी म्हटलं, वा, म्हणजे थांबली म्हणून विकायला मोकळा. तो जरासा हसला. मी वेग कमी केला नाही. झाड मागे गेलं. मला वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही.

ताईच्या फाटकाशी इंजिन बंद केलं. सगळं शांत झालं. वाफ नाही, आवाज नाही. ताई खिडकीत दिसत होती, काठी हलवत. मी उतरणार, तर मुलगा बसूनच. काट्याकडे बघत होता, तो हळूहळू खाली येत होता.

"त्या दिवशी मी पाहिला होता, आई," तो म्हणाला. "पुलाच्या बऱ्याच आधी. लाल रेषेवर गेला होता. थांबून पाणी घालायला हवं होतं. मला वाटलं, पोचू."

मला आधी कळेचना, कुठला दिवस. मग कळलं. इतके महिने तो हे घेऊन फिरत होता, आणि मी वहीत लिहिलं की विसरला असेल.

मला गाडीचं जे माहीत होतं तेच सांगितलं. म्हटलं, जाळी मळाने भरलेली, आणि झडप नाही. पाणी घातलं असतंस तरी ती पुढच्या चौकात उकळलीच असती. आणि थांबला असतास तर थांबण्यात तेवढाच वेळ गेला असता. डॉक्टर काय म्हणाले ते तूही ऐकलंयस.

तो म्हणाला, डॉक्टर म्हणतातच असं.

मी म्हटलं, "मग माझं ऐक. मी मागे बसले होते, त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मीसुद्धा म्हटलं असतं, थांबू नकोस. आणि रागवायचंच असेल तर बाबांवर रागव. झडप त्यांनी हसत हसत काढून घेतली. मीही दिवसभर रागावले होते. ते काही उलट बोलत नाहीत."

तो हसायला गेला आणि रडला. मी त्याच्या मांडीवरचा डबा काढून घेतला, नाहीतर सांडला असता. ताईने खिडकीतून ओरडून विचारलं, उतरताय की तिथेच मुक्काम?

ताई आधी गाडीशी बोलली, मग माझ्याशी. म्हणाली, शेवटी हिने तुला आणलं, तू हिला नाही. दुपारी मुलाला जायचं होतं, उद्या कामावर हजर व्हायचं. ताई मला सोडेना. मी म्हटलं, गाडी तूच घेऊन जा. तो पायरीवर उभा राहिला. मग हात पुढे केला, मी किल्ली दिली. सीट मागे सरकवायला त्याला बराच वेळ लागला. माझी उंची कमी, मी ती पार पुढे ओढून ठेवली होती. गाडी वळणाआड जाईपर्यंत मी आणि ताई फाटकाशी उभ्या होतो. ती काठीवर आणि माझ्यावर.

संध्याकाळी त्याचा फोन आला. म्हणाला, पोचलो, काटा मध्यावर होता. गिऱ्हाईकाला नाही म्हणून कळवलंय. आणि येत्या रविवारी तुला न्यायला येतो, तोवर डाव्या चाकाचा आवाज फटाफटला दाखवतो. मी म्हटलं, चाकाला कसलाही आवाज नाही. तो म्हणाला, आहे, तुझ्या लक्षात आला नाही.


सोमवार, ३१

आज सकाळी पाणी तापवलं आणि ताईला अंगणात खुर्चीवर बसवून तिचे केस धुतले. उन्हात वाळवले. गुंता फार होता, तो हळूहळू सोडवला आणि वेणी घातली.